केसच्या भीतीने रुग्ण पुढे पाठवावा का? निपाणीच्या एका डॉक्टरांना उत्तर

डॉक्टर, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इतर वाचकांसाठी तो थोडक्यात सांगतो. कर्नाटकाच्या बेळगाव जिल्ह्यातल्या, महाराष्ट्राच्या सीमेवरच्या निपाणीत बारा खाटांचं नर्सिंग होम आहे, मुख्यतः बाळंतपणं आणि थोडीफार जनरल प्रॅक्टिस. ओळखीतल्या एका डॉक्टरांवर ग्राहक आयोगात केस झाली, पेपरात बातमी आली. तेव्हापासून तुम्ही रात्रीची सिझेरियन बंद केलीत. सर्पदंश, विषबाधा, रक्तस्राव, जे जड वाटेल ते दारातूनच कोल्हापूरला किंवा बेळगावला पाठवता. डोकं दुखतं म्हणून आलेल्यालाही सीटी स्कॅन लिहून देता. कुणीतरी सांगितलं म्हणून भरती करतानाच कोऱ्या कन्सेंट फॉर्मवर, म्हणजे संमतीपत्रावर, सही घेऊन ठेवता. आणि शेवटी विचारता की एवढं करूनही धास्ती जात नाही, तर इन्शुरन्स किती लाखांचा काढू?

इन्शुरन्सचं पुढे सांगतो. त्याआधी तुमच्या या चार खबरदाऱ्या पाहू, कारण त्यातल्या तीन तुम्हाला केसच्या जवळ नेतात. चौथी, म्हणजे सिझेरियन बंद करणं, बरोबर की चूक हे तुमच्याकडे काय आहे आणि काय नाही यावर ठरेल.

भीती कशाची हे आधी नीट वेगळं करू. तुम्ही घाबरता ते रुग्ण दगावण्याला. पण रुग्ण दगावला म्हणजे डॉक्टर दोषी, असं कायदा धरत नाही. इंग्लंडमधल्या १९५७ च्या बोलॅम खटल्यातली कसोटी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालात स्वीकारली. त्या शाखेतला साधारण कौशल्याचा डॉक्टर त्या परिस्थितीत जे करेल ते तुम्ही केलंत का, एवढंच बघायचं असतं. सर्वांत निष्णात माणसाने काय केलं असतं, हा प्रश्न नसतो. पण हे तपासलं जातं तेव्हा घटनेला दोन-तीन वर्षं होऊन गेलेली असतात. नर्स नोकरी सोडून गेलेली असते, नातेवाइकांच्या आठवणी दुःखाने बदललेल्या असतात, तुम्हालाही ती रात्र नंतरच्या शेकडो रात्रींमागून आठवावी लागते. उरतो तो केसपेपर. आयोगासमोर उपचार असतात ते कागदावर आहेत तेवढेच. डॉक्टरांच्या बाजूने आणि रुग्णांच्या बाजूने, दोन्हीकडून अशा फाइली वाचताना हेच दिसतं की उपचार बरे होते आणि कागद दुबळा होता, म्हणून हरलेली प्रकरणं खूप असतात.

आता सीमेची गोष्ट. आपल्या भागातल्या फार थोड्या डॉक्टरांच्या ती लक्षात आलेली असते. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात तक्रारदाराला तो राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. तुमच्याकडे कागल, मुरगूड, गडहिंग्लज या बाजूचे रुग्ण येत असणारच. त्यांच्यापैकी कुणी तक्रार केली, तर ती बेळगावात येईल असं धरू नका. कोल्हापूरच्या आयोगात ती येऊ शकते, आणि मग अपील महाराष्ट्राच्या राज्य आयोगाकडे जातं. म्हणजे एकाच दवाखान्याचे कागद उद्या कन्नड-इंग्रजीत चालणाऱ्या आयोगासमोर जातील किंवा मराठीत चालणाऱ्या. कन्सेंटच्या भाषेशी याचा थेट संबंध आहे, तिथे पुन्हा येतो.

तक्रार करायला खर्चही फारसा नाही. अधिकारक्षेत्र आता मागितलेल्या भरपाईवर ठरत नाही, रुग्णाने तुम्हाला दिलेल्या पैशांवर ठरतं. ५० लाखांपर्यंतचं जिल्हा आयोगात, आणि दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. सिझेरियनचं बिल साठ हजार झालं असेल आणि भरपाई एक कोटी मागितली असेल, तरी तक्रार जिल्हा आयोगातच येते, तीही बिनफीची. हे रुग्णांसाठी योग्यच आहे. पण त्यामुळे तक्रारीत मागितलेला आकडा बघून छातीत धस्स होऊ देऊ नका. आकडा लिहायला पैसे पडत नाहीत. डॉक्टरांच्या गप्पांत नेहमी निघतो तो २०१३ चा कुणाल साहा निकाल, सहा कोटींच्या आसपासची भरपाई. त्यातल्या मृत महिला अमेरिकेत राहणाऱ्या होत्या आणि भरपाईचा हिशेब तिथल्या उत्पन्नाला धरून झाला. भरपाई ही मृताचं वय, कमाई, अवलंबून असलेली माणसं यांवर ठरते. त्या आकड्याकडे बघून निपाणीतल्या बाळंतपणाचं धोरण ठरवण्यात अर्थ नाही.

अटकेची भीती वेगळी असते आणि ती जास्त खोल असते. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण नोंदणीकृत डॉक्टरकडून वैद्यकीय उपचार करताना घडल्यास ती दोन वर्षांपर्यंत. फौजदारीसाठी साधी चूक पुरत नाही, ढोबळ, अक्षम्य निष्काळजीपणा लागतो. शिवाय जेकब मॅथ्यू निकालाप्रमाणे तपास अधिकाऱ्याने आधी त्या शाखेतल्या स्वतंत्र डॉक्टरचं मत घ्यायचं असतं, शक्यतो सरकारी डॉक्टरचं, आणि सरसकट अटक करायची नसते. २०१३ च्या ललिता कुमारी निकालानेही वैद्यकीय निष्काळजीपणाच्या तक्रारीत गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीला मोकळीक ठेवली आहे. पोलीस ठाण्यातून फोन आला तर या निकालांच्या प्रती घेऊन वकील पाठवा, स्वतः घाईने जबाब लिहून देऊ नका. अनपेक्षित मृत्यू झाला तर शवविच्छेदनाचा आग्रह तुम्हीच धरा आणि तो लेखी धरा. नातेवाईक नको म्हणाले तर तसं त्यांच्या सहीने लिहून घ्या. मृत्यूचं कारण अधांतरी राहिलं की पुढे कुणीही काहीही कारण लावतं. आणि बिलासाठी मृतदेह एक मिनिटही अडवू नका. बहुतेक संताप तिथेच पेटतो, आणि त्या माणसांचा तो संताप रास्त असतो.

आता तुमचं रेफर करणं. याबद्दल मला सर्वांत जास्त काळजी वाटते, कारण यात माणसं रस्त्यात मरतात.

१९८९ च्या परमानंद कटारा निकालाने स्पष्ट सांगितलं आहे की जीव वाचवण्यासाठी तातडीचे उपचार देणं हे सरकारी आणि खासगी, प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे. दारातून परत पाठवलेला रुग्ण वाटेत गेला, तर 'आम्ही हात लावलाच नाही' हा बचाव उरत नाही. तोच आरोप होतो. निपाणीहून कोल्हापूर सुमारे ४० किलोमीटर, बेळगाव सुमारे ७५. महामार्ग असला तरी रात्री गाडी मिळवून, रुग्ण चढवून, तिकडच्या कॅज्युअल्टीत कुणी हात लावेपर्यंत दीड-दोन तास सहज जातात. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव इतका वेळ थांबत नाही. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, म्हणजे रक्तस्राव आटोक्यात आणणारं इंजेक्शन, बाळंतपणानंतर तीन तासांच्या आत द्यावं, असं जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शन आहे. तक्रारदाराचा वकील तो कागद दाखल करणार आणि विचारणार की इंजेक्शन तुमच्या कपाटात होतं, मग ते न देता बाई गाडीत का घातली? साप चावलेल्या माणसाचंही तसंच. उसाच्या फडातून आलेला माणूस, पापण्या जड व्हायला लागलेल्या. प्रतिविष तुमच्याकडे असेल तर ते सुरू करून पाठवायचं असतं. काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटांची गोठण्याची चाचणी करायला काहीच लागत नाही, आणि तिचा निकाल वेळेसह लिहिलेला असला की पुढच्या डॉक्टरांचंही काम सोपं होतं.

म्हणजे रेफर करणं चूक नाही. स्थिर न करता, न सांगता, न लिहिता रेफर करणं चूक. आपल्याकडच्या रेफरल चिठ्ठ्या बहुतेक एका ओळीच्या असतात: 'रेफर्ड टू हायर सेंटर फॉर फर्दर मॅनेजमेंट'. ही ओळ तुम्हाला वाचवत नाही, उलट तुम्ही काहीच केलं नाही असं सुचवते. चिठ्ठीत रुग्ण कितीला आला आणि त्या वेळी नाडी, रक्तदाब, श्वास, शुद्ध कशी होती ते लिहा. गरोदर बाई असेल तर बाळाचे ठोके आणि कळांची स्थितीही. तुम्ही काय दिलंत, किती आणि कितीला. काय द्यायला हवं होतं पण तुमच्याकडे नाही, तेही: 'रक्त उपलब्ध नाही', 'भूलतज्ज्ञ बाहेरगावी'. हे लिहायला डॉक्टर घाबरतात. पण का पाठवलं याचं कारण तेच असतं, आणि ते प्रामाणिकपणे लिहिलेलं असलं की पाठवणं समंजसपणाचं ठरतं. निघताना पुन्हा नाडी आणि रक्तदाब. तिकडे कुणाशी फोनवर बोललात त्या डॉक्टरांचं नाव आणि वेळ, खाट किंवा व्हेंटिलेटर आहे का हे विचारल्याची नोंद. फोन न करता पाठवलेला रुग्ण दोन-तीन दारं फिरतो, आणि त्या प्रत्येक दाराचा हिशेब तुमच्याकडे मागितला जातो.

१०८ ला फोन केला तर त्याची वेळ लिहा. नातेवाइकांनी स्वतःच्या गाडीने न्यायचं ठरवलं तर तसं लिहून त्यांची सही घ्या. सलाइन चालू असेल, ऑक्सिजन लागत असेल तर सोबत नर्स द्या. दवाखाना रिकामा पडतो म्हणून ते टाळलं जातं, पण रक्तस्रावाच्या रुग्णासोबत प्रशिक्षित माणूस नसणं हे आयोगाला पटवून देणं फार अवघड असतं. चिठ्ठीची प्रत ठेवा. कार्बन नसेल तर मोबाइलवर फोटो काढा, त्यावर वेळ आपोआप येते. कुठे पाठवायचं याचा निर्णय नातेवाइकांशी बोलून घ्या. कोल्हापूर जवळ, पण राज्य दुसरं. सरकारी योजनेचं कार्ड त्या दवाखान्यात चालतं का, हे निघण्याआधी फोनवर विचारून घेतलं तर पैशावरून होणारी अर्धी भांडणं होत नाहीत. विषबाधा, अपघात, जळीत असेल तर पोलिसांना कळवल्याची नोंद तुमच्याच रजिस्टरमध्ये करा. पुढे नोंद होईल म्हणून सोडू नका, कारण पुढचं ठाणं दुसऱ्या राज्यातलं असू शकतं आणि मधला दुवा तुम्हीच असता.

कोरा कन्सेंट. हा सल्ला ज्यांनी दिला त्यांनी तुमचं नुकसान केलं आहे. रुग्ण मागेल तेव्हा ७२ तासांत कागदांच्या प्रती द्याव्या लागतात, हा २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेचा नियम आहे. त्या प्रतीत फॉर्म कोरा दिसला आणि नंतर आयोगात तोच फॉर्म भरलेला आला, तर तुमच्या बाकी सगळ्या खऱ्या नोंदीही संशयास्पद होतात. बनावट म्हणायला एक कागद पुरतो. आणि कोऱ्या सहीला कायद्यात संमती म्हणतच नाहीत. २००८ च्या समीरा कोहली निकालात सर्वोच्च न्यायालयाने संमतीत काय हवं ते सांगितलं आहे: काय करणार, त्याचा फायदा, पर्याय कोणते, ठळक धोके कोणते आणि नकार दिला तर काय होईल. दुर्मिळातल्या दुर्मिळ धोक्यांची जंत्री लागत नाही. तपासणीसाठी दिलेली संमती शस्त्रक्रियेला चालत नाही, एका शस्त्रक्रियेची दुसरीला चालत नाही. अपवाद फक्त तिथल्या तिथे जीव वाचवण्यापुरता.

म्हणून सिझेरियनची संमती वेगळी आणि त्यातच करायच्या कुटुंबनियोजन शस्त्रक्रियेची वेगळी. त्या दुसऱ्या फॉर्मवर ही शस्त्रक्रिया क्वचित अपयशी ठरू शकते आणि पाळी चुकली तर लगेच यावं, हे वाक्य मराठीत हवंच. शस्त्रक्रियेनंतर गर्भ राहिला म्हणजे निष्काळजीपणा झालाच असं नाही, हे शिवराम प्रकरणात २००५ मध्ये ठरलेलं आहे. पण बाईला ते आधी सांगितलं होतं हे तुम्हाला दाखवता आलं पाहिजे.

सही कुणाची? सज्ञान, शुद्धीवर असलेल्या बाईची स्वतःची. आपल्याकडे नवरा किंवा सासरे सही करतात आणि बाईला विचारलंच जात नाही. नातेवाइकाची सही साक्षीदार म्हणून घ्या, तिच्याऐवजी नको. अंगठा असेल तर बाहेरचा एक साक्षीदार आणि वाचून दाखवणाऱ्याचं नाव. भाषेचं मी वर म्हणालो ते असं: फॉर्म दोन रकान्यांत छापा, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड. रुग्ण जी भाषा समजतो त्या रकान्याखाली सही. धोक्यांची जागा रिकामी ठेवून ती तुमच्या हाताने भरा: 'आधीचं सिझेरियन, वार खाली, रक्त लागू शकतं'. छापील मजकुरापेक्षा या हाताने लिहिलेल्या दोन ओळींना आयोग जास्त किंमत देतो, कारण त्या त्याच बाईसाठी लिहिल्या आहेत हे दिसतं. वेळ लिहा. संमती रात्री १०.२० ची आणि भूल १०.१५ ची, असे कागद सापडतात. बहुतेक वेळा कारण साधं असतं: लेबर रूमचं घड्याळ आणि थिएटरचं घड्याळ यांत सात-आठ मिनिटांचा फरक. आजच दोन्ही मोबाइलला लावून घ्या.

सरसकट तपासण्यांबद्दल थोडक्यात. तपासणी सांगितली म्हणजे स्वतःला झाकून घेतलं, असं वाटतं. पण सांगितलेली प्रत्येक तपासणी म्हणजे एक रिपोर्ट, आणि तो वाचून त्यावर काहीतरी करण्याची जबाबदारी. न सांगितलेल्या तपासणीचं समर्थन करता येतं, गरज नव्हती म्हणून. फाइलमध्ये न वाचता पडलेल्या वाईट रिपोर्टचं करता येत नाही. गरोदरपणातल्या प्रत्येक जादा सोनोग्राफीबरोबर गर्भलिंग निदान प्रतिबंधक कायद्याखाली भरायचा एक जादा फॉर्म एफ येतो, आणि त्यातल्या त्रुटी किरकोळ कारकुनी चुका म्हणून सोडायला सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये नकार दिला आहे. भीतीपोटी लिहिलेली सोनोग्राफी अशी तुम्हाला दुसऱ्याच कायद्याच्या दारात नेऊन उभी करते. आणि त्या रुग्णाच्या खिशातून हजारो रुपये गेलेले असतात, ते वेगळंच. डोकेदुखीत सीटी का नाही हे दोन ओळींत लिहा: मान ताठ नाही, ताप नाही, उलटी नाही, नजर ठीक, अमुक लक्षण दिसलं तर लगेच परत यायला सांगितलं. या दोन ओळी सीटीपेक्षा स्वस्त आणि जास्त उपयोगी.

तुमच्या प्रश्नात नसलेली एक गोष्ट विचारतो, कारण सीमाभागातल्या छोट्या दवाखान्यांत खरा धोका इथे असतो. रात्री कोण असतं? बीएएमएस किंवा बीएचएमएस, म्हणजे आयुर्वेद किंवा होमिओपॅथी, झालेले तरुण डॉक्टर असतील आणि ते स्वतःच्या निर्णयाने ॲलोपॅथीची इंजेक्शनं लिहीत असतील, तर १९९६ चा पूनम वर्मा निकाल वाचून घ्या. होमिओपॅथीच्या डॉक्टरने ॲलोपॅथीची औषधं दिली, हाच स्वतः निष्काळजीपणा ठरला. आणखी काही सिद्ध करायची गरज राहिली नाही. अशा केसमध्ये तुमच्या कागदांनाही फारसा अर्थ राहत नाही, आणि जबाबदारी दवाखान्याची म्हणून तुमच्यावरच येते. रात्रीच्या डॉक्टरने निरीक्षण करावं, तुम्हाला फोन करावा, तुम्ही सांगितलेलं 'फोनवरून आदेश, डॉक्टर अमुक, २.४०' असं लिहावं, आणि सकाळी राउंडला तुम्ही त्यावर सही करावी. आणि फोन आल्यावर उठून यावं लागेल अशा रुग्णासाठी उठून या. शक्य असेल तर रात्रीसाठी एमबीबीएस डॉक्टर ठेवा, दोन दवाखान्यांनी मिळून ठेवला तरी परवडतो.

नोंदींत दुरुस्ती करायची तर एकच रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला सही, तारीख, वेळ. व्हाइटनर नको. राहून गेलेलं नंतर लिहिताना 'उशिरा नोंद' असं स्पष्ट लिहा. नियमाने कागद तीन वर्षं ठेवायचे असतात, पण बाळंतपणाचे आणि नवजात बाळाचे त्याहून खूप जास्त ठेवा. मूल सज्ञान झाल्यावरही दावा होऊ शकतो, म्हणून एकवीस वर्षं.

नोटीस आली तर? वकिलाची नोटीस आणि आयोगाची नोटीस यांत फरक आहे. वकिलाच्या नोटिशीला उत्तर द्यावं, पण रागाने आणि स्वतः लिहून नव्हे. आयोगाची नोटीस तक्रारीच्या प्रतीसह मिळाली की ३० दिवसांत लेखी म्हणणं द्यायचं, फार तर आणखी १५ दिवस मिळतात. त्यानंतर एक दिवसही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये ठरवलं आहे. पाकीट कंपाउंडर सही करून घेतो, टेबलाच्या खणात टाकतो, डॉक्टर लग्नाला गेलेले असतात, आणि पंचेचाळीस दिवस सरतात. मग तुमची बाजू कागदावर येतच नाही. टपाल कोण घेतं आणि त्याच दिवशी तुम्हाला कसं कळतं, एवढं ठरवून ठेवा. मूळ फाइल त्या दिवशी कुलपात ठेवा आणि तिच्यात एक अक्षरही वाढवू नका. शाखेतल्या एखाद्या तज्ज्ञाचं लेखी मत आणि पाठ्यपुस्तकातली संबंधित पानं म्हणण्यासोबतच जोडा. निकाल विरोधात गेला तर ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येतं, पण ठरलेल्या रकमेच्या निम्मे पैसे भरावे लागतात.

आता इन्शुरन्स. किती लाखांचा, हे तुमच्या रुग्णांच्या कमाईवर आणि तुम्ही करता त्या शस्त्रक्रियांवर ठरेल. आकडा मी इथून सांगत नाही. पण आकड्याआधी तीन गोष्टी बघा. या पॉलिसी बहुधा दावा ज्या वर्षी येतो त्या वर्षाच्या असतात. उपचार झाले तेव्हा पॉलिसी होती पण नोटीस आली तेव्हा नव्हती, तर उपयोग नाही. त्यामुळे मध्ये खंड पडू देऊ नका, आणि कंपनी बदलताना मागची तारीख, म्हणजे जिच्यानंतरच्या उपचारांचे दावे पॉलिसीत धरले जातात ती रेट्रोॲक्टिव्ह डेट, जुनीच ठेवून घ्या. दुसरं, तुमची वैयक्तिक पॉलिसी आणि दवाखान्याची पॉलिसी वेगळ्या असतात. तक्रारीत दोघांनाही पक्षकार केलं जातं, म्हणून भूलतज्ज्ञ आणि रात्रीचे डॉक्टर दवाखान्याच्या पॉलिसीत येतात का ते वाचा. तिसरं, नोटीस आली की कंपनीला लगेच लेखी कळवा, आणि कंपनीला न विचारता पैसे देऊ करू नका किंवा चूक मान्य करू नका, नाहीतर दावा नाकारला जाऊ शकतो. फौजदारी दंड यात येत नाही, आणि पात्रतेबाहेरच्या उपचारांवरचा दावाही कंपनी नाकारते. म्हणजे वरचा रात्रीच्या डॉक्टरांचा प्रश्न सुटला नाही, तर पॉलिसी असूनही नसल्यासारखी.

पेपरातल्या बातमीनंतर नातेवाईक तुमच्याशी सावधपणे बोलतात, हे मला माहीत आहे. तुम्हीही त्यांच्याशी सावधपणे बोलता, आणि मग कुणीच कुणाला नीट काही सांगत नाही. तक्रारदार पहिल्यांदा वकिलाकडे येतो तेव्हा त्याचं पहिलं वाक्य बहुधा उपचारांबद्दल नसतं. 'आम्हाला कुणी काही सांगितलंच नाही' असं तो म्हणतो. काही बिघडलं तर तासाभरात तुम्ही स्वतः, उभ्या-उभ्या नव्हे तर बसून, घरच्या एका ठरलेल्या माणसाशी बोला. काय झालं, काय करतो आहोत, पुढे काय होऊ शकतं. 'वाईट वाटतं' म्हणणं म्हणजे चूक कबूल करणं नव्हे. बोलल्याची वेळ आणि कुणाशी बोललात ते केसपेपरवर लिहा.

राहिलं रात्रीचं सिझेरियन. भूलतज्ज्ञ अर्ध्या तासात पोचतो का, रक्त किती वेळात येतं, बाळ रडलं नाही तर ते हाताळणारं कुणी हजर असतं का, तुमच्या जोडीला थिएटरमध्ये प्रशिक्षित नर्स आहे का? या चारही प्रश्नांना बहुतेक रात्री 'हो' म्हणता येत असेल, तर सुरू करा. त्या बाईसाठी ४० किलोमीटरच्या प्रवासापेक्षा तुमचं थिएटर सुरक्षित आहे आणि कागद व्यवस्थित असेल तर कायदा तुमच्या पाठीशी उभा राहील. यातल्या एकालाही 'नाही' असेल तर बंद ठेवणं बरोबर, पण मग ते कळा सुरू झाल्यावर रात्री एक वाजता दारात सांगू नका. सातव्या महिन्यातच बाई आणि घरच्यांना बसवून सांगा की इथे रात्री सिझेरियन होत नाही. आधीचं सिझेरियन, जुळं, रक्तदाब, हिमोग्लोबिन सातच्या खाली, अशा बायकांची नावं तेव्हाच कोल्हापूरला किंवा बेळगावला घालून द्या. तपासणी कार्डावर तिकडच्या दवाखान्याचं नाव, फोन नंबर, रक्तगट आणि गाडी कुणाची येणार तेही लिहा, आणि त्याखाली तिची सही घ्या. तुमच्याकडे सध्या नावं असलेल्या बायकांची कार्डं या आठवड्यात काढून बसलात, तर पुढच्या दोन महिन्यांत कुणाला कुठे पाठवायचं हे एका दुपारीत ठरेल.